एरंगेल आणि डोंबिवली: मोबाइलवरील नेमबाजीच्या खेळांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

शंभर जण विमानातून एका ओसाड बेटावर उड्या टाकतात. उतरताना कुणाच्याही हाती शस्त्र नसते. रिकाम्या घरांत शिरून बंदुका, हेल्मेट, औषधे गोळा करायची, आकसत जाणाऱ्या झोनच्या आत राहायचे आणि साधारण अर्ध्या तासात एकच स्क्वॉड, म्हणजे संघ, उरेपर्यंत लढायचे. कौशुन ताकामी यांची १९९९ ची जपानी कादंबरी, तिच्यावरचा २००० सालचा चित्रपट, त्यातून प्रेरणा घेऊन ब्रेंडन ग्रीन यांनी रचलेला खेळ आणि मार्च २०१८ मध्ये जगभर मोफत आलेला ‘पबजी मोबाइल’, अशी या खेळाची वंशावळ आहे. त्याआधी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडे डेटा स्वस्त झालाच होता. ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या मुलांना या खेळासाठी ना संगणक लागला, ना सायबर कॅफेचे तासाचे भाडे. हातातला फोन पुरला.

खेळाकडे गंभीरपणे पाहण्याची परंपरा जुनी आहे. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळ हा संस्कृतीचा पाया असल्याचे मांडले. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार स्वभाव सांगितले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. पबजीतल्या एरंगेल या बेटावरच्या एका मॅचमध्ये हे चारही भेटतात. पॅराशूटच्या उडीत भोवळ, लुटीत नशीब, स्किनमध्ये, म्हणजे पात्राच्या वेशात, सोंग आणि शेवटच्या झोनमध्ये निखळ स्पर्धा. मराठीतही द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ आहे. आपल्या मातीतल्या खेळांची इतकी बारकाईने नोंद ठेवणाऱ्या भाषेला मोबाइलवरचा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

या अभ्यासाबद्दल माझे म्हणणे एकच आहे. नकाशा जगभर सारखा असला, तरी खेळ जागेगणिक बदलतो. हुइझिंगाच्या मते खेळ रोजच्या जगण्यापासून वेगळ्या काळात आणि वेगळ्या जागेत चालतो. डोंबिवलीतल्या एका खोलीच्या घरात ती वेगळी जागा मिळवावी लागते. एका कानात इअरफोन, दुसरा कान आईच्या हाकेला मोकळा. मॅच मध्येच थांबवता येत नाही, घरातले काम मात्र त्याच क्षणी निघते. कल्याण ते सीएसएमटी हे सुमारे ५४ किलोमीटर अंतर धीम्या लोकलने कापायला जवळपास दीड तास लागतो. बसायला जागा मिळाली, तर तेवढ्यात दोन-तीन मॅच होतात आणि प्रत्येक मॅचवर नेटवर्क जाण्याची टांगती तलवार असते. इथला खेळाडू शत्रूइतकाच पिंग (नेटवर्कची दिरंगाई), बॅटरी आणि गर्दी यांच्याशी झुंजतो. या तिन्ही गोष्टींना बाहेरचा अडथळा न मानता खेळाचा भाग मानले, की आपले संशोधन सुरू होते.

अभ्यासाची दुसरी समृद्ध जागा म्हणजे स्क्वॉड. गोळी लागून नॉक झालेला साथीदार लगेच मरत नाही. तो रांगत राहतो आणि कुणीतरी जवळ थांबून त्याला रिव्हाइव्ह करावे, म्हणजे पुन्हा उभे करावे लागते. त्या काही सेकंदांत थांबणारा स्वतः उघडा पडतो. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद करताच पुन्हा जिवंत होतो. इथे मात्र त्यासाठी एकाला जीव धोक्यात घालावा लागतो. कोण कोणासाठी थांबतो, लूट कोण वाटून देतो, चुकल्यावर शिव्या कोण खातो, हे माइकवरच्या मराठी-हिंदी मिश्र बोलण्यात ऐकू येते. बंदुकीच्या आवाजापेक्षा हे बोलणे अभ्यासकाला अधिक शिकवते.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. खेळ मोफत, पण कपडे आणि बंदुकांची स्किन यूसी हे खेळातले चलन विकत घेऊन मिळते. या सजावटीने नेम सुधारत नाही, लॉबीतला मान मात्र वाढतो. तो मान कोणाला परवडतो, हे घराघरांत विचारले पाहिजे.

कायद्याने तर या अभ्यासाला एक प्रयोगच करून दिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होते. २ जुलै २०२१ रोजी ते ‘बीजीएमआय’ या भारतीय रूपात परतले, जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरमधून हटले आणि मे २०२३ मध्ये परत आले. पहिल्या बंदीच्या दहा महिन्यांत कोणते स्क्वॉड टिकले? कोण फ्री फायर या दुसऱ्या खेळाकडे वळले आणि कोण नुसतेच गप्पा मारत राहिले? खेळ काढून घेतल्यावर मागे काय उरते, हे विचारण्याची अशी संधी क्वचित मिळते.

पालकांची काळजी खरी आहे. झोप, अभ्यास, हिंसेची सवय हे प्रश्न या क्षेत्राच्या आतलेच आहेत. २०२३ च्या पुनरागमनात अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली गेली. ती घरात कशी पाळली जाते, हे निकाल देण्याआधी पाहायला हवे.

म्हणून समाजशास्त्र, भाषा, अर्थशास्त्र, नगररचना शिकणाऱ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. जे फक्त खेळतात त्यांचे तर अधिकच, कारण आम्हा अभ्यासकांकडे नसलेले ज्ञान त्यांच्याकडे आहे. सुरुवात साधी ठेवा. ओळखीच्या एका स्क्वॉडची परवानगी घ्या, मुले लहान असतील तर त्यांच्या पालकांचीही घ्या. नावे लिहू नका. एक पूर्ण मॅच शेजारी बसून ऐका, मग त्यांच्याकडून खेळायला शिका. लवकर बाद व्हाल. का बाद झालात, हे ती मुले तुम्हाला समजावून सांगतील आणि तेच तुमच्या वहीतले पहिले पान असेल.