आजोबांची 'जनता' आणि चारच्या खालचा डाग

शुक्रवारी लंचला आमच्या टीममधल्या एकाने टेबलावर मनगट ठेवलं आणि म्हणाला, "ओळख. खरं की खोटं?" रोलेक्स होतं. म्हणजे तसं लिहिलं तरी होतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी "खरं" म्हणालो. स्वारी खूश. कारण घड्याळ नकली होतं, आणि ते असं दिसावं म्हणून त्याने मूळ किमतीच्या तिप्पट पैसे ओतले होते.

मग पुढचा अर्धा तास आमचा वर्ग भरला. नकली घड्याळ पकडलं जातं ते बारीकसारीक गोष्टींवरून. खऱ्याचं तारखेवरचं भिंग आकडा अडीच पट मोठा दाखवतं, नकलीचं बरेचदा कमी. म्हणून काच बदलली. तारखेच्या चकतीवरच्या आकड्यांचं वळण चुकीचं, म्हणून चकती बदलली. काटे बदलले. आणि शेवटी अंधारात चमकणारे ठिपके पांढरेशुभ्र होते, ते जुन्या घड्याळासारखे पिवळट साय रंगाचे करून घेतले. म्हणजे नवं नकली घड्याळ, त्याचं जुनं खरं घड्याळ केलं! हा माणूस ऑफिसात एक युनिट टेस्ट लिहायची तर तोंड वाकडं करतो :-)

त्या पिवळट रंगाला इतिहास आहे. १९६० च्या दशकापर्यंत ठिपक्यांत रेडियम असे, मग ट्रिटियम आलं, आणि १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेले रंग आले. ट्रिटियमचे ठिपके वयानुसार पिवळे पडतात. म्हणजे तो रंग हा खरं तर दोष. पण वय सिद्ध करणारा दोष असल्यामुळे शौकीन लोक त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात, आणि जिथे जास्त पैसे मिळतात तिथे नक्कल पोचतेच.

मला हे ऐकून हसू येत होतं, पण पूर्ण नाही. कारण आमच्या घरात हेच उलट्या बाजूने घडलंय, आणि ते घडवणारा मी आहे.

त्याच्याकडे येतो. आधी थोडं मागे जाऊ.

नकली घड्याळ म्हटलं की आपण लगेच चीनकडे बोट दाखवतो. पण या धंद्यातले जुने वस्ताद खुद्द स्विस. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना मान होता, तर युरोपातून 'लंडन' कोरलेली पण लंडन कधीही न पाहिलेली घड्याळं विकली जात. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकन कारखान्यांची यंत्रावर बनलेली घड्याळं पाहून स्विस लोक हादरले. पुढे काही स्विस कारखान्यांनी अमेरिकन नावांशी मिळतीजुळती नावं टाकून घड्याळं तिकडेच पाठवली. आणि पॅरिसचा तो थोर कारागीर ब्रेगे (हाही मूळचा स्विसच) नकलांना इतका कंटाळला की १७९५ च्या सुमारास त्याने डायलवर गुप्त सही सुरू केली. बाराच्या आकड्याजवळ, इतकी बारीक ओरखडलेली की डायल प्रकाशात तिरकी धरल्याशिवाय दिसू नये. आपल्या भाषेत सांगायचं तर डिजिटल सिग्नेचर, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची.

मुंबईचा आणि घड्याळांचा संबंध तसा जुनाच. फेव्हर-लुबाचा फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि तिची घड्याळं फौजेत गेली. नकली छापाच्या मालाविरुद्धचा कायदाही त्याच सुमाराचा, १८८९ चा. धंदा आणि त्याची नक्कल हातात हात घालूनच बंदरावर उतरली असणार.

पण खरी मजा स्वातंत्र्यानंतरची. आयातीवर परवान्यांची कुलपं लागली आणि परदेशी घड्याळ ही चोरून आणायची वस्तू झाली. आमचं मूळ गाव डहाणूचं, त्यामुळे हा भाग मला नकाशासह पाठ आहे. डहाणूहून किनाऱ्याने वर गेलं की घोलवड, बोर्डी, झाई, मग गुजरातचं उंबरगाव, आणि त्याच्याही पुढे दमण. डिसेंबर १९६१ पर्यंत दमण पोर्तुगीजांचं. नंतरही साठ-सत्तरच्या दशकांत हा सगळा पट्टा तस्करीसाठी गाजला. दमणचा सुकर बखिया, मुंबईचा हाजी मस्तान ही नावं तेव्हा घराघरात माहीत होती. सोनं, ट्रान्झिस्टर आणि घड्याळं. अंधारात किनाऱ्यावर उतरलेलं घड्याळ आलं की त्याची पावती नाही, गॅरंटी नाही, दुकान नाही. मग ते खरं कशावरून? विकणारा सांगतो म्हणून! नकली मालाला याहून सुपीक जमीन कुठली? १९७४ मध्ये कॉफेपोसा आला, धरपकड झाली, पण 'फॉरेनचं' या शब्दाची चटक काही गेली नाही. उल्हासनगरच्या मालावरचा 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्ही ऐकला असेलच.

सरळ माणसासाठी मात्र एकच घड्याळ होतं : एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना निघाला. 'जनता' हे त्यातलं गाजलेलं मॉडेल, रोज चावी द्यायचं. माझे आजोबा तलासरी भागात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९७१ मध्ये 'जनता' घेतलं आणि त्याच पावसाळ्यात शाळेतून परतताना ओढ्याच्या पाण्यात कमरेपर्यंत बुडून घरी आले. घड्याळात पाणी गेलं. डायलवर चारच्या आकड्याखाली एक तपकिरी डाग पडला, तो कायमचा. घड्याळ चालत राहिलं. आम्हा नातवंडांना ती गोष्ट डागावर बोट ठेवूनच सांगितली जायची.

आजोबा गेल्यावर घड्याळ बाबांकडे आलं आणि कपाटात पडलं. बाबांच्या साठीला मी ठरवलं, सरप्राइज द्यायचं. मुंबईत एका घड्याळवाल्याकडे टाकलं. "साहेब, एकदम नवं करून देतो," तो म्हणाला. मीही "करा" म्हणालो. आठवड्याने घड्याळ आलं, लखलखीत. केस पॉलिश, नवी काच, डायल पांढरीशुभ्र, त्यावर 'जनता' ठळक. बाबांनी डबी उघडली, घड्याळ कानाला लावलं, मग प्रकाशात धरलं. "छान आहे," म्हणाले. "पण आपलं कुठाय?"

मला तेव्हा माहीत नव्हतं की मी जे केलं त्याला जगभरच्या शौकिनांत एक कुप्रसिद्ध नाव आहे : 'मुंबई स्पेशल'. प्रकार असा. आपल्याकडच्या दमट हवेत डायली लवकर खराब होतात, आतलं यंत्र मात्र वर्षानुवर्षं चालतं. म्हणून डायल घासून, रंगवून, पुन्हा छापून घेणं ही इथली रोजची सेवा. त्यात लबाडी काही नव्हती. युरोपातही डायली रंगवून देणारे होतेच. गोम पुढे झाली. २००४ मध्ये ईबेने आपलं बाझी डॉट कॉम विकत घेतलं, त्या आगेमागे मुंबईतले विक्रेते थेट अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचले. तिकडे जुन्या सायको, फेव्हर-लुबा, एचएमटीला मागणी. मग एका घड्याळाचं यंत्र, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे, आणि डायल नव्याने छापलेली, अशी जोडगोळी 'व्हिंटेज' म्हणून जाऊ लागली. कारखान्याने कधी काढलेच नाहीत असे निळे, केशरी, पोपटी रंग. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा आणि आकडे यांची फारकत. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या बातम्यांनी लोकांना एकदम एचएमटीची आठवण झाली, आणि काळ्या डायलचं 'पायलट' तर एवढं छापलं गेलं की आज मूळ डायलचं पायलट शोधणं हेच एक काम होऊन बसलंय.

आता यात खोटं काय? यंत्र खरं, केस खरी, धातूची चकतीसुद्धा बहुधा खरी. खोटा आहे तो फक्त वरचा रंगाचा थर. माझ्या सहकाऱ्याच्या घड्याळात नेमकं उलट, थर सोडून बाकी सगळं... तेही खोटंच म्हणा. पण कायद्याच्या नजरेत त्याचं घड्याळ विकणं गुन्हा आहे (१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०४ : सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड), आणि माझ्या घड्याळवाल्याने तर सांगितलेलं काम चोख केलं होतं. तरी माझ्या मते नुकसान माझ्या बाजूला जास्त झालं. त्याच्या घड्याळातून काहीच गेलं नाही, कारण त्यात आधी काही नव्हतंच.

आईचं माहेर चिंचणीचं. डहाणू तालुक्यातल्या त्या पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा आहे. पोलादात उलटी नक्षी कोरायची, पत्रा ठेवून दाबला की सुलटी उमटते, हवी तितक्या वेळा. तिथल्या नात्यातल्या एका मामाला मी हे सगळं रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "डायवर ओरखडा पडला तर आम्ही डाय टाकतो. तू ओरखड्यासाठी रडतोयस."

घड्याळ घेऊन मी परत त्याच दुकानात गेलो होतो. जुनी डायल मिळेल का विचारलं. तो भिंग न काढताच म्हणाला, "साहेब, हीच ती. घासून रंगवली." मग माझा चेहरा बघून : "जुनं दिसायला पाहिजे का? करून देतो. डाग होता ना? कुठे होता तेवढं दाखवा."

खरं सांगतो, मी "करा" म्हणणार होतो. घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले चारच्या बरोबर खाली. मला तो चार आणि पाचच्या मध्ये आठवतो. आई म्हणाली, छे, साताजवळ होता. जुने अल्बम काढले. आजोबांचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत हात मागे बांधलेले.