वैलाची आच

घरगुती ऊर्जाबचतीचा इतिहास आपण सहसा १९७३च्या तेलसंकटापासून सांगतो. त्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला. जानेवारी १९७४पर्यंत पिंपाचा दर सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला आणि ‘बचत’ हा अनेक देशांच्या धोरणाचा शब्द झाला. परंतु मराठी स्वयंपाकघरात ही जाणीव त्याहून कितीतरी जुनी आहे. चुलीला जोडलेला वैल हा तिचा पुरावा होय. मुख्य तोंडावर भाकरी होत असता उरलेल्या आचेवर आमटी कढत राही वा पाणी तापे.

मात्र या काटकसरीचे गुणगान करताना आम्हांस थोडे थबकावेसे वाटते. सरपण वाचे, पण धूर स्त्रीच्या छातीत साठे. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो इंधनाबरोबर हा धूरही कमी व्हावा म्हणून. पुढे २००१चा ऊर्जासंवर्धन कायदा, २००६पासूनचे उपकरणांवरील तारे आणि २०१५ची ‘उजाला’ योजना यांनी बचतीचा भार माणसाकडून वस्तूकडे नेला. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी करू लागला. त्यासाठी कोणाला अंधारात बसावे लागले नाही.

पर्यावरणासाठी ऊर्जा वाचवा, असे सांगताना हा फरक ध्यानी ठेवला पाहिजे. ‘किती वाचले?’ यासोबतच ‘कोणाच्या जिवावर?’ हा प्रश्नही इतिहासाने विचारावा, असे आम्हांस वाटते.