निषिद्ध अरण्याच्या पायथ्याशीं : जपानांतील किसो दरीची कहाणी

जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यभागीं किसो नांवाची नदी उगम पावते. तिच्या वरच्या भागांत दोहों बाजूंस उंच पर्वत, मध्यें अरुंद दरी आणि दरीच्या कडेनें माळेसारखीं ओवलेलीं खेडीं असा देखावा आहे. भातशेतीस पुरेल इतकी सपाट जमीन तेथें नाहीं, समुद्र दूर, हिंवाळा कडक. अरण्य मात्र असें कीं, त्यांतील हिनोकी वृक्षाचें लांकूड साऱ्या जपानांत उत्कृष्ट मानलें जातें. हा वृक्ष देवदाराप्रमाणें सरळ वाढतो. त्याचें लांकूड सुवासिक, कापण्यास सोपें आणि शतकानुशतकें टिकणारें असतें. परंतु ज्या खेड्यांच्या उशाशीं हें अरण्य उभें होतें, तेथील माणसांस सुमारें दोनशें वर्षें त्यांतील उत्तमोत्तम झाडांस हात लावण्याची मनाई होती. किसोचें कसब आणि किसोचें अन्न यांचा इतिहास या मनाईवांचून उलगडत नाहीं.

१६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा घराण्याची सत्ता जपानवर स्थिर झाली. देशभर किल्ले, वाडे आणि नवीं शहरें उभीं राहूं लागलीं. त्या सर्वांस लांकूड हवें होतें. किसोच्या डोंगरांतून ओंडके तोडून नदीच्या प्रवाहांत सोडावयाचे आणि खालीं समुद्राकडे न्यावयाचे, असा क्रम अखंड चालला. १६१५ सालीं ही दरी नागोया येथील ओवारी संस्थानाकडे आली. अर्ध्या शतकांत डोंगर उघडे पडूं लागले, तेव्हां १६६५ सालीं संस्थानानें अरण्याचे मोठे भाग बंद केले. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिनोकी, सावारा, असुनारो, कोयामाकी आणि नेझुको या पांच जातींचीं झाडें तोडण्यास गांवकऱ्यांस बंदी झाली. ‘हिनोकीचें एक झाड म्हणजे एक मुंडकें’ अशी म्हणच त्या दरींत पडली. शिक्षेचा धाक किती होता, हें तीवरून दिसतें.

मात्र शेती नाहीं आणि लांकूडही नाहीं, तर माणसांनीं जगावें कसें? म्हणून संस्थानानें कारागिरीसाठीं दरवर्षीं ठराविक लांकूड मोजून देण्याची सोय ठेविली. जें मोजून मिळतें, तें जपून वापरलें जातें. नाराई गांवचे कारागीर लांकडाच्या पातळ पट्ट्या काढीत, त्या गरम पाण्यांत भिजवून वांकवीत आणि चेरीच्या सालीनें शिवून त्यांचे जेवणाचे डबे बनवीत. अशा डब्यास लांकूड थोडें लागे. मोल मात्र हाताच्या कौशल्याचें येई.

याबुहारा गांवानें निराळी वाट काढली. तेथील फण्या मिनेबारी नांवाच्या अतिशय कठीण लांकडाच्या असत, आणि हें झाड निषिद्ध पांचांत नव्हतें. या फण्यांस ओरोकु हें नांव आहे. ओरोकु नांवाच्या मुलीचें डोकें फार दुखे. ओंताके पर्वताच्या देवतेनें तिला मिनेबारीच्या फणीनें सकाळ-संध्याकाळ केस विंचरण्यास सांगितलें आणि ती बरी झाली, अशी आख्यायिका आहे. दरीच्या दक्षिण टोंकास कातारी लोकांची वस्ती होती. हे कातारी आपली परंपरा नवव्या शतकांतील राजपुत्र कोरेताका याजपर्यंत नेतात. चांगल्या झाडाच्या शोधांत डोंगरोडोंगरीं फिरावें आणि वाट्या, ताटें कातून विकावीं, हा त्यांचा जुना क्रम होता.

या वस्तूंना गिऱ्हाईक रस्त्यानें मिळवून दिलें. एदो म्हणजे आजचें टोकियो, तेथून क्योटोस जाणारा नाकासेंदो हा राजमार्ग याच दरींतून जाई. त्यावरील ६९ मुक्कामांपैकीं ११ किसोंत होते. फणी हलकी आणि टिकाऊ. वाटसरूस घरच्यांसाठीं न्यावयास याहून सोयीची भेट कोणती? अशा रीतीनें आडगांवचें कसब दोन्ही राजधान्यांत पोहोंचलें.

वाटसरूंपुढें जें अन्न येई, त्यावरही उणिवेचीच छाप होती. हलक्या, थंड जमिनींत येणारें कुट्टूचें धान्य येथें पिके. त्याच्या पिठाच्या शेवया म्हणजे सोबा. त्यांचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख याच दरींतील जोशोजी मठाच्या १५७४ सालच्या कागदांत सांपडतो. शिजविलेला भात कुटून, काडीस लावून, निखाऱ्यावर भाजून, वर अक्रोड आणि मिसो यांचें वाटण फासलें कीं गोहेइ-मोचि होते. आपल्याकडे हळदीच्या पानांत पातोळे उकडतात, तसें तेथें उन्हाळ्याच्या आरंभीं गोड पुरण भरलेलें तांदुळाचें पीठ होओ वृक्षाच्या रुंद पानांत बांधून वाफवितात. परंतु खरें किसोचें म्हणावें असें अन्न सुंकी. समुद्र दूर असल्यानें मीठ महाग पडे. म्हणून सलगमाचा पाला मिठावांचूनच आंबविण्याची युक्ति येथील बायकांनीं साधली. गेल्या वर्षींची वाळविलेली सुंकी विरजणाप्रमाणें नव्या पाल्यांत घालतात. मिठाचें काम तेथें आंबटपणा करतो.

१८६८ सालीं तोकुगावांची सत्ता संपली, तेव्हां अरण्य आतां मोकळें होईल, अशी आशा गांवोगांव उत्पन्न झाली. घडलें उलटेंच. नव्या सरकारनें तें सरकारी ठरविलें आणि १८८९ सालीं तें सम्राटाच्या खासगींत गेलें. मागोमे गांवचे प्रमुख शिमाझाकी मासाकी यांनीं खेड्यांच्या वतीनें दाद मागितली. यश आलें नाहीं; अधिकारपद मात्र गेलें. १८८६ सालीं ते वेडाच्या भरांत, कोंडलेल्या स्थितींत वारले. त्यांचे पुत्र शिमाझाकी तोसोन यांनीं ही शोकान्त कथा ‘योआके माए’ म्हणजे ‘पहाटेपूर्वीं’ या कादंबरींत अमर केली. महायुद्धानंतर १९४७ सालीं हें अरण्य राष्ट्राच्या मालकीचें झालें.

१९११ सालीं दरींतून आगगाडी पूर्ण झाली आणि जुना रस्ता ओस पडला. त्सुमागो गांव तर मोडकळीस आलें होतें. १९६८ पासून तेथील लोकांनीं जुनीं घरें सावरण्यास आरंभ केला आणि १९७१ सालीं तीन नियम आपल्या आपणांवर घालून घेतले : घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. एके काळीं वरून लादलेल्या बंदीनें ज्यांना जखडलें, त्यांच्याच वंशजांनीं ही नवी बंदी आपखुशीनें पत्करली. १९७६ सालीं सरकारनें रक्षणासाठीं प्रथम निवडलेल्या सात वस्त्यांत त्सुमागोचा समावेश झाला. किसोच्या रोगणकामाचा मानही वाढला. १९९८ सालच्या नागानो येथील हिंवाळी ऑलिम्पिकचीं पदकें त्यानें सजलीं होतीं.

इसे येथील सूर्यदेवतेचें देवस्थान दर २० वर्षांनीं नवें बांधतात, आणि त्यासाठीं हिनोकीचें लांकूड किसोहून जातें. तीनशें वर्षांचे हे वृक्ष त्या बंदीमुळें वांचले, हें नाकारतां येत नाहीं. तथापि त्यांची राखण कोणाच्या पोटास चिमटा देऊन झाली, हेंही विसरतां येत नाहीं. वृक्षांचें श्रेय संस्थानाच्या दप्तरीं नोंदलें गेलें. खेड्यांनीं आपला हिशेब फणीच्या दातांत आणि सुंकीच्या विरजणांत लिहून ठेविला आहे.