देवासची गोकुळाष्टमी, सन १९२१

चित्र दालनाबाहेर काढावे, नाट्य रंगमंचावरून रस्त्यावर आणावे आणि ते जेथे घडेल ती जागाच त्याच्या आशयाचा भाग व्हावी, या प्रकाराला अलीकडे ‘स्थळनिष्ठ कला’ म्हणतात. मुंबईच्या काळा घोडा परिसरात १९९९ पासून असा महोत्सव भरतो. (ज्या पुतळ्यावरून त्या भागाला नाव पडले तो १९६५ सालीच तेथून हलविण्यात आला, नाव मात्र राहिले.) कोचीला २०१२ पासून जुन्या वखारींतून प्रदर्शने भरू लागली. ही कल्पना अगदी नवी म्हणून मांडली जाते तेव्हा आम्हा माळव्यातील मराठी मंडळींना आपल्याच शेजारच्या एका नगरीची आठवण होते.

देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदणारी ती दोन संस्थाने, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. १९१२ साली ते एकदा येऊन गेले होते. बाग, मोटारी, विजेचे यंत्र अशी किरकोळ खाती त्यांच्याकडे होती. त्या वर्षीच्या श्रावणातील गोकुळाष्टमीचे वर्णन त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत केले आणि ती पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली.

उत्सवासाठी महाराज गावातील जुन्या राजवाड्यात मुक्कामाला गेले. चिटणीसही गेले, अनवाणी, देशी पोशाखात आणि शाकाहारी भोजन स्वीकारून. आठ दिवस गायन-वादन जवळजवळ अखंड चालले. एकीकडे टाळ-मृदंग, दुसरीकडे बँड, त्यात विजेच्या यंत्राची घरघर. स्वतः तुकोजीराव देवापुढे नाचले. मध्यरात्री जन्म झाला, गुलाल उधळला गेला. शेवटच्या दिवशी मातीचे गोकुळ मिरवीत तळ्यावर नेले आणि पाण्यात विसर्जन केले.

फॉर्स्टरना या साऱ्यात अभिरुची दिसली नाही, शिस्त दिसली नाही. सजावट त्यांना बटबटीत वाटली, गोंगाट असह्य झाला. तरीही राजाची भक्ती खरी आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आम्हाला वाटते, त्यांची अडचण बसण्याच्या जागेची होती. ते प्रेक्षक म्हणून गेले आणि तेथे प्रेक्षकाची जागाच नव्हती. कीर्तनात जो उभा राहतो तो टाळ धरतो. राजवाड्याचा चौक हा त्या आठ दिवसांपुरता वाडा नव्हता, ते नंदाघर होते. त्यात राजा यजमानही होता आणि सेवकही. हाच उत्सव एखाद्या मांडवात केला असता तर भजन तेच राहिले असते, परंतु ज्या घरात राज्य चालते त्याच घरात देव जन्मतो, हा अर्थ उरला नसता.

शासकीय सेवेत आम्ही मिरवणुकांच्या मार्गाची, वेळेची, बंदोबस्ताची टिपणे पुष्कळ लिहिली. तशा कागदांवरून कोणाला उत्सव समजणार नाही. म्हणून एका चिटणिसाने सुटीच्या वेळात लिहिलेली पत्रे आम्हाला मोलाची वाटतात, मग त्यांतील तक्रारी कितीही असोत.

तिजोरीचा हिशेब निराळा होता, हेही नमूद केले पाहिजे. संस्थान कर्जात बुडाले होते. नवा राजवाडा अपुराच राहिला होता. अखेर १९३३ साली तुकोजीराव देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. अष्टमी घरोघरी होतेच, पण राजा अनवाणी टाळ वाजवीत तळ्याकडे निघतो, ते दृश्य त्या घराबरोबर गेले.

टिकाऊ कामाचे भाग्य वेगळे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे रघुनाथ कृष्ण फडके पुढे आमच्या धारचे झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते येथेच निवर्तले. १९२० साली टिळकांवर जेथे अंत्यसंस्कार झाले त्याच वाळूवर तो पुतळा उभा आहे, आणि दर अनंत चतुर्दशीला मुंबईचे गणपती त्याच्यासमोरून समुद्रात जातात. दुसऱ्या कोणत्याही चौकात तो नुसता एक चांगला पुतळा ठरला असता.

देवासच्या मातीच्या गोकुळाला असा आधार नव्हता. ते उरले कागदावर, आणि तेही दुसऱ्या नावाने. विलायतेस परतल्यावर फॉर्स्टरनी अर्धवट ठेवलेली कादंबरी पुरी केली. १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’चा अखेरचा भाग ही आमची गोकुळाष्टमीच आहे. त्यात नारायण गोडबोले नावाचे दक्षिणी ब्राह्मण तुकारामाचा गजर करतात, मिरवणूक तुरुंगापाशी येताच कैदी मुक्त होतो, गोकुळ तळ्यात जाते. जगभरच्या विद्यापीठांत तो भाग अभ्यासला जातो. कादंबरीत गावाचे नाव मात्र माऊ असे आहे. ते काल्पनिक आहे, इंदूरजवळचे महू नव्हे. देवासचे नाव वाचकांना कळले ते एकोणतीस वर्षांनी, पत्रांचे पुस्तक निघाले तेव्हा, आणि त्याच्या शीर्षकात चामुंडेची टेकडी आली.