मुनव्यांनी राखलेली वसई

वसईच्या बागायतीचे श्रेय सर्रास पोर्तुगीजांना दिले जाते. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत अननस, पपई, पेरू ही अमेरिकेतली फळे पश्चिम किनाऱ्यावर रुजली, यात वाद नाही. पण वसईच्या वाड्या पोसल्या त्या केळी, पानवेल आणि उसाने. ही पिके भारतात पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासूनची, आणि वाडीत त्यांतले एकही बी पेरून लावत नाहीत. खाण्याच्या केळीत रुजेल असे बीच धरत नाही. तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा जोमदार मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, पाहायचा, पहारीने गड्ड्यासकट आईपासून सोडवायचा, मुळ्या छाटायच्या आणि नव्या खड्ड्यात बसवायचा. उसाला डोळ्यांची कांडी लागते, पानवेलीला वेलाचे बेणे. धान्याचे बी कणगीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहते. मुनवा तसा राहत नाही. म्हणून एखादी जात एखाद्या गावात शतकभर दिसते, तेव्हा तेवढा काळ तिथे कोणीतरी खंड न पडू देता ती लावत आले आहे, असे खुशाल समजावे.

१८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये बसराई, मुठेली, तांबडी, राजेळी अशा केळींची नावे आहेत आणि वसईजवळच्या आगाशीला राजेळी सुकवत असल्याची नोंदही. तीच आपली सुकेळी. तोवर पोर्तुगीज जाऊन जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती, पेशवाईही बुडाली होती. वाड्या करणारे सामवेदी समाजाचे असोत वा वाडवळ समाजाचे, कोणी चर्चला जाणारे, कोणी देवळात. राजवटी बदलल्या तरी वाडीतला मुनवा शेजारच्या वाडीत जातच राहिला. यावर कोणी म्हणेल की बाजारपेठेने शेती घडते, आणि वसईच्या मालाला मुंबई गाठून दिली ती १८६०च्या दशकात आलेल्या रेल्वेने. बरोबर आहे. पण कोणते पीक किती लावायचे एवढेच बाजार ठरवतो; लावायला रोप लागते, ते बाजार निर्माण करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुनव्यातून येणारी केळ म्हणजे आईचीच प्रत, त्यामुळे एकीला जडणारा रोग सगळ्यांनाच जडतो. पनामा मर रोगाने ग्रो मिशेल ही जात जागतिक निर्यातीतून विसाव्या शतकाच्या मध्याला उठवली, हे उदाहरण समोर आहेच. मात्र तिथे मैलोगणती एकच जात होती. गॅझेटिअरमधल्या नावांवरून तरी इथला प्रकार वेगळा दिसतो. वसईला खरा धोका आहे वाड्यांवर चढणाऱ्या इमारतींचा आणि खाऱ्या होत चाललेल्या विहिरींचा. ऊतिसंवर्धनाची रोपे आता सहज मिळतात, मग केळीच्या जुन्या बेटाची काळजी कशाला, असेही विचारले जाते. पण प्रयोगशाळेतले रोपही निरोगी मातृझाडाच्या कोंबापासूनच वाढवतात. राजेळीचे शेवटचे बेट उपटले गेले, तर प्रयोगशाळेत वाढवायला कोंब आणायचा कुठून?