मिल्क स्नेक : पहिला पाळीव साप म्हणून निवड आणि संगोपन

मिल्क स्नेक : अमेरिका खंडातील बिनविषारी साप. शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस ट्रायअँग्युलम, कुल कोल्युब्रिडी. किंग स्नेक याचा सख्खा भाऊबंद, तर आपली धामण त्याच कुलातली दूरची नातलग. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १७८९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आग्नेय कॅनडापासून इक्वाडोर-व्हेनेझुएलापर्यंतचे हे सगळे साप पूर्वी एकाच जातीत मोडत आणि तिच्या पंचवीसच्या आसपास उपजाती मानल्या जात. २०१४ मधील जनुकीय अभ्यासाने त्यांची सात स्वतंत्र जातींत विभागणी सुचवली. पाळणाऱ्यांच्या जगात मात्र होंडुरन, प्वेब्लन, सिनालोअन ही जुनी नावेच चालतात.

हा साप गोठ्यात शिरून गायीचे दूध पितो, या अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या समजुतीवरून त्याला हे नाव पडले. धामण गायीच्या पायांना विळखा घालून आचळातून दूध ओढते, असे महाराष्ट्रातही खेडोपाडी सांगतात. दोन्ही साप गोठ्यात येतात ते उंदरांसाठी. दूध हे सापाचे अन्न नव्हे आणि ते त्याला पचत नाही. पाळलेल्या सापापुढे फक्त स्वच्छ पाणी ठेवावे.

बहुतेक प्रकारांच्या अंगावर लाल, काळे आणि पांढरे किंवा पिवळे पट्टे कड्यांसारखे असतात. ही रंगसंगती विषारी कोरल स्नेकशी जुळते आणि त्यामुळे शत्रू दूर राहतात. (कोरल स्नेक नागाच्या कुलातले, आपल्याकडचा पोवळा साप त्यांच्याच गोतातला.) पूर्व अमेरिकेतील मिल्क स्नेकच्या अंगावर कड्यांऐवजी तपकिरी-तांबूस ठिपके असतात. हा प्रकार साधारण ६० ते ९० सेंटिमीटर वाढतो. होंडुरन सव्वा मीटरच्या पुढे जातो. नीट सांभाळल्यास आयुष्य १५ ते २० वर्षे. शाळकरी मुलासाठी आणलेला साप पुढे बहुधा आईवडिलांच्या गळ्यात पडतो, तेव्हा निर्णय त्यांनी स्वतःसाठीही घ्यावा.

निवड करताना रंगापेक्षा खाण्याला महत्त्व द्यावे. साप बंदिवासात जन्मलेला हवा. रानातून पकडलेल्या सापाला परजीवींचा त्रास असू शकतो आणि तो अनेकदा खाणेच नाकारतो. अंड्यातून नुकतीच निघालेली काही पिल्ले फक्त सरड्या-पालींवर झडप घालतात आणि उंदराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नवख्याची यात फार ओढाताण होते. म्हणून डीफ्रॉस्ट केलेले उंदराचे पिल्लू सलग काही वेळा बिनतक्रार खाल्लेला, शक्यतो वर्षभराचा साप घ्यावा आणि त्याने खाल्लेले विकणाऱ्याकडून डोळ्यांदेखत दाखवून घ्यावे. होंडुरन किंवा सिनालोअन पिल्ले जन्मतःच अंगाने मोठी असल्याने सहसा लवकर खायला लागतात. साप हातात घेतल्यावर त्याची जीभ लवलवली पाहिजे, अंग भरीव लागले पाहिजे. तोंडाशी फेस, श्वासाला घरघर, शेपटीकडे चिकटलेली कात, डोळ्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे काळे किडे, यांपैकी काहीही दिसले तर तो साप घेऊ नये.

मिल्क स्नेक एकटाच ठेवावा. रानात तो इतर सापही खातो, त्यामुळे एका पेटीतल्या दोघांपैकी एक दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकतो. पेटीचे झाकण कुलूपबंद हवे. डोके शिरेल एवढी फट मिळाली की बाकीचे अंग मागोमाग निघते. पेटीची एक बाजू २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २५ अंशांच्या आसपास ठेवावी. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये, सापाचे पोट भाजते. दोन्ही बाजूंना लपायला अंधारी जागा द्यावी. तळाला ॲस्पेनचा भुसा किंवा साधा कागद चालतो. सीडरच्या भुशातील तेले सापाला घातक असतात.

पिल्लाला पाच ते सात दिवसांनी आणि मोठ्या सापाला दहा-बारा दिवसांनी एक भक्ष्य पुरते. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा ते फार रुंद नसावे. जिवंत उंदीर देऊ नये, तो सापाला चावतो. डीफ्रॉस्ट केलेला उंदीर कोमट करून लांब चिमट्याने धरावा आणि त्यानंतर दोन दिवस सापाला हात लावू नये. कात टाकण्याआधी डोळे निळसर धूसर होतात आणि साप खाणे सोडतो. तेव्हा ओलसर शेवाळ भरलेली डबी पेटीत ठेवावी. टाकलेली कात उलगडून डोक्याकडचा भाग उजेडात धरावा. तिथे डोळ्यांवरची दोन गोल, पारदर्शक झाकणे दिसली नाहीत, तर ती सापाच्या डोळ्यांवरच राहिली असण्याची शक्यता असते. नखाने सोलायला न जाता पशुवैद्याला दाखवावे.

पिल्ले बुजरी असतात. हातात घेतल्यावर वळवळतात, शेपटी थरथरवतात, दुर्गंधी स्राव सोडतात, क्वचित चावतात. पहिला आठवडाभर त्यांना मुळीच हाताळू नये. त्यानंतर थोडा थोडा वेळ घेत गेल्यास बहुतेक साप निवळतात. अंगाखांद्यावर शांत बसणारा साप हवा असेल, तर कॉर्न स्नेक अधिक योग्य. सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये.

अमेरिकेत साप पाळण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत; तिथल्या मराठी कुटुंबांनीही साप घेण्याआधी ते तपासावेत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असलेले देशी साप घरी पाळणे गुन्हा आहे, त्यामुळे मिल्क स्नेकला पर्याय म्हणून रानातली धामण आणू नये. नकोसा झालेला साप कुठेही मोकळा सोडू नये. पाळीव साठ्यातून सुटलेल्या कॅलिफोर्निया किंग स्नेकनी ग्रान कनारिया बेटावर बस्तान बसवले आणि ते पसरले त्या भागांतून तिथले स्थानिक मोठे सरडे जवळपास नाहीसे झाले.