उघड्या दाराची राखण

'स्पॅम' हा शब्द आता मराठी घरांतही रुळला आहे. नको असलेली ईमेल आली की शाळकरी पोरही म्हणतं, "स्पॅम आहे, काढून टाका." पण या शब्दाचा मूळ अर्थ फारसा कुणाला ठाऊक नसतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डुकराचं मांस डब्यात भरून विकायला काढलं, त्या डब्याचं हे नाव. पुढे १९७० मध्ये इंग्लंडच्या 'माँटी पायथन' या विनोदी मंडळींनी बीबीसीवर एक प्रहसन केलं. एक जोडपं खाणावळीत येतं. तिथे जो पदार्थ मागावा त्यात स्पॅम आहेच. त्यातच बाजूला बसलेली मंडळी स्पॅमच्या नावाचा असा गजर सुरू करतात की बाकी कुणाचं बोलणं ऐकू येईना. संगणकावर गप्पा मारणाऱ्या लोकांनी तिथूनच हा शब्द उचलला. ज्या गलक्यात इतरांचं बोलणं बुडून जातं, तो स्पॅम.

गंमत पुढेच आहे. नको असलेल्या मजकुराला स्पॅम म्हटल्यावर, हव्या असलेल्या मजकुराला या क्षेत्रातले लोक 'हॅम' म्हणू लागले. म्हणजे वाईटही डुक्कर आणि चांगलंही डुक्कर! माझ्यासारख्या मुसलमानाने निवड तरी कशी करायची? विनोद सोडा, पण या नावांत एक खरी अडचण आपोआप सांगितली गेली आहे. वाईट मजकूर चांगल्याच्या इतका जवळचा दिसतो की दोघांना वेगळं करताना चांगल्यावरही सुरी फिरते. या लढाईचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवात जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतल्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम एक संदेश पाठवला. कंपनीच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात होणार आहे, अगत्य यावं, असं ते निमंत्रण होतं. अर्पानेट ही आजच्या इंटरनेटची आजी. तिथे जाहिरातीला जागा नव्हती, त्यामुळे बराच गहजब झाला. दुसरा मोठा प्रसंग १२ एप्रिल १९९४ चा. लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या अॅरिझोनातल्या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूजनेटवरच्या साडेपाच हजारांहून अधिक चर्चागटांत टाकली. चर्चा संगीताची असो की गणिताची, जाहिरात सगळीकडे तीच.

इथे एक साधा हिशोब लक्षात घ्यायला हवा. पोस्टाने हजार पत्रकं पाठवायची तर हजार तिकिटं चिकटवावी लागतात. संगणकावर एक संदेश आणि दहा लाख संदेश यांच्या खर्चात फरक जवळजवळ नाही. पाठवणाऱ्याचं काहीच जात नाही, वाचणाऱ्याचा वेळ मात्र जातो. १९९२ मध्येच सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संशोधकांनी सुचवलं होतं की, पाठवणाऱ्याच्या यंत्राला दर संदेशामागे एक छोटंसं गणित सोडवायला लावा. एक पत्र लिहिणाऱ्याला ते जाणवणार नाही, लाखो पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. कल्पना सुंदर होती, पण ईमेलच्या दुनियेत ती सर्वत्र रुजली नाही.

आता मी ज्या जागेबद्दल बोलणार आहे तिकडे वळू. सॉफ्टवेअर लिहून ते सर्वांसाठी खुलं ठेवायचं, कुणीही वाचावं, सुधारावं, पुढे द्यावं, ही चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केली. असं सॉफ्टवेअर ठेवायला आणि त्यावर मिळून काम करायला सामायिक जागा लागते. १९९९ मध्ये सोर्सफोर्ज, २००८ मध्ये गिटहब अशा जागा उभ्या राहिल्या. संगणकावर मराठीतून लिहिण्याची जी सोय आज आपण गृहीत धरतो, तिच्यातला मोठा भाग अशा खुल्या कामातून आला. पडद्यावरच्या सूचना मराठीत आणण्याच्या कामात पुण्यात बसून खपलेली मंडळीही आहेत.

या जागांचा प्राण म्हणजे शेरे. "तुमच्या प्रोग्राममध्ये अमुक चूक आहे," हे कुणा परक्या माणसाने येऊन सांगावं आणि लिहिणाऱ्याने ती दुरुस्त करावी. दार उघडं असलं तरच हे जमतं. कारण चूक सांगणारा एकदाच येतो. त्याला दारावर दहा प्रश्न विचारले तर तो परत फिरतो आणि चूक तशीच राहते.

याच उघड्या दारातून स्पॅम शिरला, आणि त्याचं कारणही मोठं चमत्कारिक आहे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल सुरू केलं. कोणतं पान महत्त्वाचं, हे ठरवण्याची त्यांची रीत अशी की, ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते मोठं, आणि मोठ्या पानाने बोट दाखवलं तर त्याचं वजन अधिक. विद्वानांनी एकमेकांचे दाखले द्यावेत तशी ही व्यवस्था. लगेच बाजाराच्या ध्यानात आलं की, प्रतिष्ठित जागी जाऊन शेऱ्यात आपल्या दुकानाचा दुवा चिकटवला की आपलंही वजन वाढतं. मग औषधं, जुगार, कर्ज विकणाऱ्यांचे यंत्रदूत या कामाला लागले. तो शेरा कुणी वाचावा अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. तो गुगलने वाचला की पुरे.

या शेऱ्यांची भाषा मी कुतूहलाने पाहिली आहे. "फार उपयुक्त माहिती, आभारी आहे. असंच लिहीत राहा." कशावर लिहिलं आहे याचा मागमूस नाही, म्हणून ती कुठेही चालते. आपल्याकडे प्रकाशन समारंभांत कोणत्याही कवितासंग्रहाला लागू पडेल अशी भाषणं होतात, त्यांची आठवण होते. पण ते भाषण एकदाच ऐकावं लागतं. इथे ते रात्रीतून शेकडो वेळा येऊन पडतं, आणि सकाळी कुणा स्वयंसेवकाला ते निवडून काढावं लागतं.

१८ जानेवारी २००५ रोजी गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक तोडगा जाहीर केला. शेऱ्यातल्या दुव्यावर एक खूण करायची. ती असली की शोधयंत्र त्या दुव्याला वजन देणार नाही. इंग्रजी विकिपीडियाने २००७ च्या जानेवारीत ही खूण सरसकट लावली. तर्क बिनचूक होता, तरी स्पॅम थांबला नाही. पाठवायला काही पडतच नसेल, तर खूण आहे की नाही हे तपासायचे कष्ट कोण घेतो? आणि प्रामाणिक माणसाने दिलेला चांगला दुवाही बिनवजनाचा झाला.

प्रोग्रामरांनी मग आपापली साधनं घडवली. 'ट्रॅक' नावाची एक स्वीडिश व्यवस्था आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंदवही, असं म्हणू. तिच्यासाठी जी गाळणी तयार झाली तिच्या हिशोबाला बनवणाऱ्यांनी चक्क 'कर्म' हे नाव दिलं. शेरा आला की निरनिराळे परीक्षक त्याला गुण देतात. बाहेरचे दुवे फार असले तर उणे गुण. बंदी घातलेले शब्द सापडले तर उणे. थोड्या वेळात फार शेरे टाकले तर उणे. लिहिणारा नोंदणी करून आलेला असेल तर अधिक. बेरीज ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की शेरा नाकारला जातो. एका दोषासाठी कुणाला फासावर द्यायचं नाही, एकूण पुण्यपाप पाहायचं, हे मला आवडलं.

यातला एक परीक्षक अठराव्या शतकातला आहे. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये छापला गेला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी त्याच सूत्राचा उपयोग स्पॅमसाठी लोकांसमोर मांडला. माणसाने आधी निवडून दाखवायचं, हे चांगलं, हे वाईट. त्यावरून यंत्र शब्दाशब्दाचं वजन शिकतं. यावर स्पॅमवाल्यांनी काय करावं? जाहिरातीखाली जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचे तुकडे जोडायला सुरुवात केली, म्हणजे चांगल्या शब्दांच्या गर्दीत वाईट शब्द लपतील. साहित्याचा असा उपयोग कुणा लेखकाच्या स्वप्नातही आला नसेल.

मग आली कोड्यांची भिंत. वेडीवाकडी अक्षरं दाखवायची आणि वाचायला सांगायची. माणसाला जमतं, यंत्राला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी याला 'कॅप्चा' हे नाव दिलं. त्यांच्यातले लुईस फॉन आन यांनी २००७ मध्ये त्याला चांगलं वळणही दिलं. यंत्राला न वाचता आलेले जुन्या छापील मजकुरातले शब्द लोकांपुढे ठेवायचे, म्हणजे कोडं सोडवता सोडवता ग्रंथालयाचं काम होईल. पण ज्यांना दिसत नाही त्यांना या भिंतीने बाहेरच ठेवलं. २००५ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच हा दोष लेखी मांडला होता.

आणि भिंत पडली कशी? यंत्राने ती फोडण्याआधीच माणसांनी फोडली. २०१० मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हा धंदा उजेडात आणला. भारत, बांगलादेश, चीन अशा देशांतले लोक दिवसभर ही कोडी सोडवत होते, हजार कोड्यांना साधारण एक डॉलर या दराने. त्या वेळचे पंचेचाळीस रुपयांच्या आसपास. मी माणूस आहे, हे हजारदा सिद्ध करायचे पंचेचाळीस रुपये! यंत्रासाठी उभारलेली भिंत गरिबाच्या डोळ्यांनी ओलांडली गेली. या माणसांना मी गुन्हेगार म्हणू शकत नाही. ज्याला आपलं माणूसपण इतक्या स्वस्तात विकावं लागतं, त्याच्या दारी कुणी तरी काम घेऊन गेलं होतं आणि ते काम चांगलं नव्हतं, एवढंच.

भिंतीचा दुसरा धोका आपण इथे, महाराष्ट्रात पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आलं. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला संदेश त्याने गुन्हा ठरवला; स्पॅमही त्यात बसतो, असं सांगितलं जाई. शब्द इतके सैल की त्यात काहीही बसावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना या कलमाखाली अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या पसंत केल्या होत्या. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. गाळणी बनवणाऱ्या प्रोग्रामरांना जे आधीच कळलं होतं, ते आपल्याला असं शिकावं लागलं. दहा वाईट संदेश आत आले तर कंटाळा येतो. एक चांगला बाहेर फेकला गेला तर अन्याय होतो.

अलीकडची दोन उदाहरणं सांगतो. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ऑक्टोबर महिन्यात एक उपक्रम करते. २०२० चा नियम असा होता की खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा सुचवा, टी-शर्ट मिळवा. आपल्याकडच्या एका लोकप्रिय चित्रफितीत हे कसं करायचं ते सोप्या उदाहरणाने दाखवलं गेलं. ते पाहून असंख्य विद्यार्थ्यांनी परक्यांच्या कामात एखादा निरर्थक शब्द घालून 'सुधारणा' पाठवल्या. चालवणारे हैराण झाले. काही दिवसांतच नियम बदलला. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी आधी तसं सांगायचं. ही पोरं दुष्ट नव्हती. त्यांना आकडा शिकवला गेला, काम शिकवायचं राहून गेलं.

दुसरं उदाहरण २०२४ चं. ऑगस्टमध्ये गिटहबवर अडचण विचारणाऱ्यांच्या प्रश्नांखाली "ही फाइल उतरवून घ्या, दुरुस्त होईल" असे हजारो शेरे पडले. त्या फायलींत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत 'कर्ल' या प्रसिद्ध प्रोग्रामचे स्वीडिश कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या खोट्या तक्रारींबद्दल जाहीरपणे लिहिलं. भाषा शुद्ध, मांडणी नीटस, चूक मात्र अस्तित्वातच नाही. ते शोधायला जाणत्या माणसाचे तास जातात. शब्दांवरून स्पॅम ओळखायचे दिवस संपत आले, असा याचा अर्थ.

मग टिकलं काय? मला वाटतं, वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला 'विकी' लोकांपुढे ठेवला, तेव्हापासून त्या परंपरेने जपलेली एक साधी समज टिकली. दार सर्वांना उघडं ठेवायचं, पण पानाच्या जुन्या प्रती जपायच्या. घाण करायला जेवढे कष्ट पडतात त्याहून ती काढायला कमी पडले पाहिजेत. २००३ मध्ये सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही याच समजुतीवर चालतो. कुणी तरी रोज येतो, बदल पाहतो, कचरा मागे घेतो आणि निघून जातो. त्याचं नाव कुणी विचारत नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. गावाला कुंपण घाला, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. या अनोळखी स्वयंसेवकांचं काम मला त्या खराट्याच्या जातीचं वाटतं. गाळण्या लागतील, नियमही लागतील, ते सुधारतही जातील. पण सामायिक जागा वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी आठवड्यातून चार मिनिटं तरी खराटा धरला, तर एकट्या राखणदारावरचा भार हलका होईल, आणि दार लावून घ्यायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)